बंध कुठे घालावा?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या संयोजकांनी सांगितलं होतं, की प्रत्येकानं आपल्या कामातला एखादा विषय वीस मिनिटांत मांडायचा. मी विषय कळवला, ‘बंध’. त्यावर आपल्या व्हॉट्सॲप गटावर लगेच फुलं आली, हात जोडलेली चित्रं आली, एकानं तर ऋणानुबंधांवर चार ओळीही रचल्या. तेव्हा आधीच सांगून टाकते. मी आज ज्या बंधांवर बोलणार आहे ते मैत्रीचे नाहीत, गंधकाचे आहेत. निराश झाला असाल तर क्षमस्व. पण वीस मिनिटं बसा, विषय वाटतो तितका कोरडा नाही.

मी शिकले अभियांत्रिकी आणि नोकरी केली सॉफ्टवेअरची, हे तुम्हाला माहीत आहे. गेली काही वर्षं मी प्रथिनांवर काम करणाऱ्या संशोधकांसाठी संगणक-प्रणाली लिहिते. पांढरा कोट घालून परीक्षानळी हलवणारी मी नव्हे. त्यांनी नळी हातात घेण्याआधी ‘इथे प्रयत्न करून बघा’ अशी यादी काढून देणारी मी. त्यामुळे आजचं बोलणं जीवशास्त्राच्या तज्ज्ञाचं नाही, शेजारच्या टेबलावरून बघणाऱ्या इंजिनिअरचं आहे. आणि समोर आपले गुरुजन बसलेत, त्यामुळे आकडे जपून सांगते.

प्रथिन म्हणजे एक माळ. वीस प्रकारचे मणी, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात, एकापुढे एक ओवलेले. ही माळ सरळ लोंबत राहत नाही. ती स्वतःभोवती वळते, दुमडते आणि एक ठरावीक आकार घेते. तो आकार झाला तरच प्रथिन काम करतं. आकार मोडला की काम संपलं. अंडं उकडलं की पांढरा भाग घट्ट होतो तो त्यातल्या प्रथिनांचे आकार मोडल्यामुळेच.

त्या वीस मण्यांत एक आहे सिस्टीन. त्याच्या टोकाला गंधकाचा अणू असतो आणि त्याला एक हायड्रोजन चिकटलेला असतो. माळ दुमडताना दोन सिस्टीन शेजारी आले आणि दोघांचे हायड्रोजन निघून गेले, की दोन गंधक एकमेकांना धरतात. हा डायसल्फाइड बंध. मी त्याला सोयीसाठी ‘पूल’ म्हणेन, कारण माळेत एकमेकांपासून लांब असलेले दोन मणी तो थेट जोडतो.

हे पूल तुम्ही रोज हाताळता. आपले केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात आणि त्यात असे पूल ठासून भरलेले असतात. पार्लरमध्ये ‘रिबाँडिंग’ करतात, ते नाव अगदी शब्दशः खरं आहे. आधी एका रसायनानं केसातले गंधकाचे पूल तोडायचे, केस हवा तसा सरळ ताणायचा आणि मग दुसऱ्या रसायनानं नव्या जागी पुन्हा पूल जोडायचे. केस जळल्यावर जो घाण वास येतो त्यातही या गंधकाचा वाटा असतो.

आणि पोळी. कणीक तिंबताना गव्हातल्या ग्लुटेनिन नावाच्या प्रथिनाच्या साखळ्या अशाच पुलांनी एकमेकींना जोडल्या जातात आणि लवचिक जाळं तयार होतं. म्हणून कणीक ताणली तरी तुटत नाही. ज्वारीच्या पिठात तसं जाळं होत नाही, म्हणून भाकरीसाठी आपण उकळतं पाणी घालून पिठातल्या पिष्टाला चिकटपणा आणतो. आपल्या आज्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण कुठल्या पिठाला काय लागतं हे अचूक ठाऊक होतं.

आता जरा गंभीर उदाहरण. आपल्या वयाच्या अनेकांच्या घरी फ्रीजच्या दारात इन्सुलिन असतं. इन्सुलिन म्हणजे ५१ मण्यांचं छोटं प्रथिन. दोन माळा, एक २१ मण्यांची, दुसरी ३० मण्यांची. त्यात तीन गंधकी पूल आहेत. दोन पूल या दोन माळा एकमेकींशी बांधतात, तिसरा लहान माळेच्या आतच आहे. ही सगळी मांडणी केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी उलगडली आणि त्यासाठी त्यांना १९५८ चं नोबेल मिळालं. पुढे १९७८ साली जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन पहिल्यांदा बनवून घेतलं, तेव्हा दोन्ही माळा वेगवेगळ्या जीवाणूंत बनवल्या आणि मग प्रयोगशाळेत त्या योग्य पुलांनी जोडाव्या लागल्या. माळा बनवणं हे अर्धंच काम होतं. पूल बरोबर जोडले गेले तेव्हा त्याचं औषध झालं. १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

पूल बरोबर जोडले जाणं म्हणजे काय, हे एका जुन्या प्रयोगातून फार छान कळतं. अमेरिकेत ख्रिश्चन ॲन्फिन्सेन नावाचे शास्त्रज्ञ गाईच्या स्वादुपिंडातल्या रायबोन्यूक्लिएज नावाच्या विकरावर काम करत होते. त्यात १२४ मणी, आठ सिस्टीन, म्हणजे चार पूल. आता गणिताच्या तासाला बसल्यासारखा विचार करा. आठ सिस्टीनांच्या चार जोड्या किती प्रकारे लागतील? पहिल्याला सात जोडीदार शक्य, ती जोडी बाजूला काढली की पुढच्याला पाच, मग तीन, मग एक. सात गुणिले पाच गुणिले तीन, एकशे पाच. त्यातली बरोबर मांडणी एकच.

ॲन्फिन्सेन यांनी युरियाच्या दाट द्रावणात ही माळ पूर्ण उलगडली आणि तिचे चारही पूल तोडले. मग एकदा त्यांनी माळ उलगडलेली असतानाच, युरियात, पूल पुन्हा जोडू दिले. पूल जुळले, पण कुणाचे कुणाशीही. विकराचं काम उरलं जेमतेम एक टक्का. म्हणजे १०५ मध्ये एक, जवळजवळ निव्वळ योगायोगाइतकंच. दुसऱ्या वेळी आधी युरिया काढला, माळेला आपल्या आपण दुमडू दिलं आणि मग पूल जोडू दिले. या वेळी विकर पुन्हा चालू लागलं. इतकंच काय, पहिल्या प्रयोगातली चुकीची जोडलेली माळही वाया गेली नाही. युरिया काढून आणि पूल सुटे-बांधे करणारं रसायन अगदी किंचित घालून ती हळूहळू योग्य जोड्यांवर आली. या कामासाठी त्यांना १९७२ चं नोबेल मिळालं.

यातून निघालेली गोष्ट माझ्या पुढच्या सगळ्या बोलण्याचा पाया आहे. पूल आकार घडवत नाही. आकार माळेतच दडलेला असतो, तो आधी येतो. पूल त्या आकारावर शिक्कामोर्तब करतो. आकार चुकीचा असताना पूल घातला, तर चूकच पक्की होते.

आता येतो मुद्द्यावर. निसर्गानं जिथे पूल ठेवला नाही, तिथे आपण घातला तर? प्रथिनं नाजूक असतात. कपडे धुण्याच्या पावडरीतलं विकर गरम पाण्यात टिकायला हवं, औषध गाडीतून नेताना खराब व्हायला नको. आणखी एक टाका घालून प्रथिन पक्कं करता आलं तर किती सोय. १९७८ मध्ये मायकेल स्मिथ यांनी जनुकातलं एखादंच अक्षर ठरवून बदलण्याची पद्धत दाखवली. त्यासाठी त्यांना पुढे १९९३ चं नोबेल मिळालं. या पद्धतीमुळे माळेतला हवा तो मणी काढून तिथे सिस्टीन बसवणं शक्य झालं.

१९८४ मध्ये कॅलिफोर्नियात पेरी आणि वेट्झेल यांनी टी-फोर नावाच्या विषाणूच्या लायसोझाइमवर हे करून दाखवलं. हा विषाणू जीवाणूंना खातो आणि लायसोझाइम हे जीवाणूची भिंत कापणारं त्याचं विकर. त्यात १६४ मणी आहेत. दोन सिस्टीन आहेत, ५४ आणि ९७ या क्रमांकांवर, पण पूल एकही नाही. त्यांनी तिसऱ्या क्रमांकाचा मणी बदलून तिथे सिस्टीन बसवला. तो दुमडलेल्या आकारात ९७ च्या जवळ येतो. पूल जुळला आणि विकर उष्णतेत जास्त टिकू लागलं. पण एक अडचण निघाली. तो ५४ वा सिस्टीन एकटा, मोकळा होता, आणि गरम झाल्यावर तो मध्ये येऊन नव्या जोडीची अदलाबदल करायचा. त्याला गप्प बसवल्यावरच पुलाचा खरा फायदा दिसला. म्हणजे पूल घालायचा तर फक्त दोन टोकं पाहून चालत नाही, आसपास आणखी कोण मोकळं आहे हेही पाहावं लागतं.

मग अमेरिकेतल्याच ओरेगन विद्यापीठात ब्रायन मॅथ्यूज यांच्या गटानं हेच लायसोझाइम घेऊन पाच वेगवेगळ्या जागी पूल घालून पाहिले. निकाल १९८९ मध्ये आले. पाचपैकी तीन पूल फळले, दोन उलटे पडले. त्या दोघांमुळे प्रथिन मूळच्यापेक्षा कमी टिकाऊ झालं. मग त्यांनी फळलेले तिन्ही पूल एकाच रेणूत घातले. तो रेणू मूळच्यापेक्षा तब्बल २३ अंश सेल्सियस जास्त तापमानापर्यंत उलगडला नाही. प्रथिनांच्या जगात हा फरक प्रचंड आहे.

इथे गोष्ट संपली असती तर ती पाठ्यपुस्तकात टाकायच्या यशोगाथेसारखी झाली असती. पण त्या तीन पुलांपैकी एक होता २१ आणि १४२ या मण्यांमधला. लायसोझाइमला दोन भाग असतात, जबड्यासारखे, आणि त्या फटीत तो जीवाणूची भिंत धरून कापतो. हा पूल बरोबर त्या जबड्यावर आडवा पडला होता. जबडा उघडेना. पूल असेपर्यंत विकर काहीच कापू शकत नव्हतं, आणि पूल तोडला की पुन्हा चालू व्हायचं. म्हणजे मॅथ्यूज यांच्या हाती सगळ्यात टिकाऊ रेणू आला, तो काम न करणारा होता.

मला स्वतःला या क्षेत्रातला कुठलाही निकाल याच्याइतका आवडत नाही. इंजिनिअर म्हणून आपल्याला वाटतं, जास्त मजबूत म्हणजे जास्त चांगलं. इथे समोर दिसतं, की जी वस्तू हलून काम करते तिची हलणारी जागाच बांधली तर वस्तू टिकते, पण तिचा उपयोग जातो. पूल घालण्याआधी विचारायचा प्रश्न ‘किती घट्ट?’ हा नसतो. ‘काय स्थिर राहायला हवं आणि काय हलतं राहायला हवं?’ हा असतो.

पूल टिकाऊपणा कसा देतो, हे थोडं सांगते. तो दुमडलेल्या आकाराला खिळ्यासारखा ठोकून ठेवतो, असं सहज वाटतं. खरा परिणाम बराचसा उलट्या बाजूनं होतो. सुटी दोरी जमिनीवर टाकली तर ती हजार तऱ्हांनी पडू शकते. तिच्या मधले दोन बिंदू गाठीनं बांधले, की पडण्याच्या तऱ्हा कमी होतात. तसंच उलगडलेल्या प्रथिनाचं. पूल असला, की उलगडल्यावर मोकळं होण्याच्या तऱ्हा कमी, म्हणून उलगडण्यातला फायदा कमी, म्हणून ते दुमडलेलंच राहणं पसंत करतं. दोन टोकांमधली माळ जितकी लांब, तितका हा फायदा साधारणपणे जास्त. पण एक अट आहे. पूल बसवताना दुमडलेल्या आकाराला ताण बसता कामा नये. ताण बसला, तर एका हातानं मिळवलेलं दुसऱ्या हातानं जातं. मॅथ्यूज यांचे दोन पूल उलटे पडले, तेव्हा नेमकं हेच घडलं होतं.

कपड्यांच्या पावडरीत वापरतात त्या सबटिलिसिन विकरावर १९८६ मध्ये वेल्स आणि पॉवर्स यांनी पूल घालून पाहिले. पूल नीट जुळले, पण टिकाऊपणा मूळच्यापेक्षा वाढला नाही. मग १९९० मध्ये जपानी संशोधकांनी वेगळी वाट धरली. उन्हाळ्या, म्हणजे गरम पाण्याचे झरे, त्यात राहणाऱ्या थर्मस ॲक्वाटिकस या जीवाणूकडे सबटिलिसिनचंच एक नातेवाईक विकर आहे. त्यात निसर्गानं पूल कुठे घातलाय ते त्यांनी पाहिलं आणि त्याच जागी, ६१ आणि ९८ या क्रमांकांवर, आपल्या विकरात पूल घातला. विकर साडेचार अंशांनी जास्त टिकाऊ झालं आणि कामही करत राहिलं. वर्गात शेजाऱ्याच्या वहीत पाहणं गुन्हा असतं, पण निसर्गाच्या वहीत पाहायला परवानगी आहे.

आता माझं काम कुठे येतं ते सांगते. समजा, प्रथिनात ३०० मणी आहेत. त्यातल्या कुठल्याही दोन मण्यांमध्ये पूल घालता येईल असं धरलं, तर जोड्या होतात ४४,८५०. प्रत्येक जोडी प्रयोगशाळेत करून पाहायला आयुष्य पुरणार नाही. म्हणून चाळणी लागते. गंधक ते गंधक हे अंतर असतं सुमारे २.०५ अँगस्ट्रॉम, एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. त्यावरून मागे मोजत गेलं, तर मणी माळेला जिथे जोडलेला असतो त्या दोन कार्बन अणूंमधलं अंतर साधारण साडेचार ते सात अँगस्ट्रॉममध्ये बसावं लागतं, आणि त्यांच्या पुढच्या कार्बनांमधलं साधारण साडेतीन ते साडेचारमध्ये. शिवाय पूल ज्या अक्षाभोवती वळतो तिथला कोन काटकोनाच्या आसपास हवा. या चाळण्यांतून बहुतेक जोड्या गळतात.

ही चाळणी शिस्तीनं संगणकावर बसवणाऱ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक आपल्या देशात झालं, हे मला आवर्जून सांगायचं आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामनाथन सौधामिनी, पद्मनाभन बालराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये पूल कुठे बसू शकेल हे भूमितीवरून ठरवण्याचे निकष प्रसिद्ध केले. त्यातून ‘मॉडिप’ ही प्रणाली आली. ती प्रत्येक जोडीला अ, ब, क अशी श्रेणी देते. आपल्या प्रगतिपुस्तकासारखीच! २००३ मध्ये त्याच संस्थेतल्या संशोधकांनी ती पुन्हा तपासून सुधारली. मी आज लिहिते त्या प्रणालींच्या पोटात हेच विचार आहेत.

पण यादी निघाली म्हणजे काम झालं असं नाही. पुढे प्रयोगशाळेतली माणसं जनुक बदलतात आणि बहुतेकदा ते ई. कोलाय या जीवाणूत घालतात. तिथे आणखी एक पेच असतो. या जीवाणूच्या पेशीच्या आतलं वातावरण गंधकी पूल तोडणारं असतं. पूल जुळतात ते त्याच्या दोन आवरणांमधल्या जागेत, जिथे पूल जोडून देणारी खास विकरं असतात. म्हणून प्रथिन त्या जागेत पाठवावं लागतं किंवा आतलं वातावरण बदललेले खास वाण वापरावे लागतात. मग तपासणी. एल्मन यांनी १९५९ मध्ये दिलेलं एक रसायन आहे. ते मोकळ्या गंधकाला भेटलं की द्रावण पिवळं होतं. पूल जुळला असेल तर गंधक मोकळा नसतो, त्यामुळे पिवळा रंग येत नाही. संगणकानं ‘अ’ श्रेणी दिलेली जोडी नळीत पिवळी निघाली, की माझी यादी बाजूला ठेवायची. नळीचा निकाल अंतिम.

तुम्ही म्हणाल, साबण आणि विकरं ठीक आहेत, पण यात माणसाच्या जिवाचं काय? म्हणून शेवटचं उदाहरण. ते मी मुद्दाम राखून ठेवलंय.

आरएसव्ही नावाचा एक विषाणू आहे, श्वसनमार्गाचा. मोठ्यांना तो सर्दीसारखा वाटतो, पण तान्ह्या बाळांच्या बारीक श्वासनलिका सुजवतो आणि बाळ धापा टाकू लागतं. वृद्धांनाही तो जड जातो. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत यावर फॉर्मलिननं मारलेल्या विषाणूची लस मुलांना दिली गेली. पुढच्या साथीत जे घडलं ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. एका गटात लस घेतलेल्यांपैकी २० मुलांना संसर्ग झाला आणि त्यातल्या १६ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. ही लस न घेतलेल्या २१ संसर्ग झालेल्या मुलांपैकी एकालाच ठेवावं लागलं. लस घेतलेली दोन मुलं दगावली. वाचवायला दिलेली लस आजार वाढवून गेली. त्यानंतर अनेक दशकं या विषाणूवर लस आली नाही.

असं का झालं, याची कारणं एकाहून जास्त आहेत. त्यातलं एक आकाराचं आहे. या विषाणूच्या अंगावर ‘एफ’ नावाचं प्रथिन असतं. ते दाबून ठेवलेल्या स्प्रिंगसारखं असतं. पेशीला चिकटलं की स्प्रिंग सुटते, प्रथिन लांब होतं आणि विषाणू आत शिरतो. आपल्या शरीरात तयार होणारी सगळ्यात परिणामकारक प्रतिपिंडं स्प्रिंग सुटण्याआधीचा आकार ओळखतात. पण हे प्रथिन विषाणूबाहेर काढलं, गरम केलं किंवा नुसतं साठवून ठेवलं, तरी स्प्रिंग सुटते. म्हणजे लसीत जायचा तो सुटलेला आकार, आणि शरीर शिकायचं चुकीचा चेहरा ओळखायला.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या जेसन मॅकलेलन, बार्नी ग्रॅहम, पीटर क्वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथिनाचा सुटण्याआधीचा आकार अणूंच्या पातळीवर पाहिला. त्यात १५५ आणि २९० हे दोन मणी शेजारी होते. स्प्रिंग सुटली की ते एकमेकांपासून खूप लांब जातात. दोन्ही जागी सेरीन होतं. दोन्ही काढून तिथे सिस्टीन बसवले. पूल जुळला, स्प्रिंग अडकली. सोबत आतल्या पोकळ्या भरणारे आणखी दोन बदल केले. हे प्रथिन उंदरांना आणि माकडांना टोचल्यावर विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं आधीच्या आकाराच्या तुलनेत कितीतरी पट जास्त तयार झाली. पुढे माणसांतल्या चाचणीतही तेच दिसलं. २०२३ मध्ये अमेरिकेत ६० वर्षांवरच्या लोकांसाठी आरएसव्हीच्या पहिल्या लसी मंजूर झाल्या. त्यातल्या एकीतलं प्रथिन याच १५५-२९० पुलावर उभं आहे. दुसरीत पूल वेगळ्या जागी, १०३ आणि १४८ मध्ये आहे. ती दुसरी लस त्याच वर्षी गरोदर स्त्रियांसाठीही मंजूर झाली, म्हणजे बाळ जन्मतानाच आईकडून प्रतिपिंडं घेऊन येतं.

लायसोझाइमचा जबडा आठवा. तिथे हलणारी जागा बांधली म्हणून काम थांबलं, आणि तो दोष ठरला. इथेही हलणारी जागाच बांधली, आणि तेच तर हवं होतं. प्रथिनाला पेशीत शिरायला हलावं लागतं, पण लसीतल्या प्रथिनाला पेशीत शिरायचंच नसतं. त्याला फक्त आपला चेहरा दाखवत उभं राहायचं असतं. कृती तीच, दोन सिस्टीन आणि एक पूल. एकीकडे ती विकर बंद पाडते, दुसरीकडे बाळाचा श्वास वाचवते. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी काय थांबवायचं आहे हे आधी ठाऊक होतं. ते ठाऊक व्हायला आकार पाहावा लागला, आणि आकार पाहण्याइतकी साधनं यायला सुमारे पन्नास वर्षं गेली.

जाता जाता शाळेसाठी एक सुचवते. १९७१ पासून प्रथिनांच्या रचनांचं एक सार्वजनिक भांडार चालू आहे, प्रोटीन डेटा बँक. त्यात दोन लाखांहून जास्त रचना आहेत आणि त्या कुणालाही, अगदी नववीतल्या मुलालाही, फुकट उघडून पाहता येतात. शाळेच्या संगणकावर इन्सुलिन उघडा. गंधक पिवळ्या रंगात दाखवायची पद्धत आहे. मुलांना म्हणा, तीन पिवळे पूल शोधा, मग दोन माळांमध्ये आणखी एक पूल कुठे घालाल ते सांगा आणि का तेही सांगा. हा लुटुपुटीचा प्रश्न नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये इन्सुलिनला असाच चौथा पूल घातला. ते जास्त टिकाऊ झालं आणि साखर उतरवायचं कामही करत राहिलं. पूल कुठे घातला ते मी आज सांगत नाही. मुलांनी आधी स्वतः डोकं लढवावं. उत्तरं सरांकडे जमा करा, मी पुढच्या मेळाव्याला तपासून देते. सर, गुण मात्र तुम्हीच द्या.